फिर्यादी कीं बंडखोर?
(भंडारा येथील भाषण)



मोहाडी तालुक्यांतील खैरलांजी गांवीं २९ सप्टेंबर २००६ रोजीं एका दलित कुटुंबांतील चौघांस जमावानें ठार मारिलें. नोव्हेंबरांत विदर्भांतील लोक न्याय मागण्यास रस्त्यावर आले, तेव्हां गृहमंत्री आर. आर. पाटील यांनीं त्यांत नक्षलवाद्यांच्या हाताची शंका घेतली! चौघांस मारणाऱ्या जमावास मात्र सरकारनें दहशतवादी म्हटलें नाहीं. २००८ सालीं भंडारा न्यायालयानें आठ जणांस दोषी धरिलें. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाहीं.

ह्यावरून आम्ही एवढेंच शिकलों, कीं दहशत कशास म्हणावयाचें हें मारणारा कोण व मरणारा कोण ह्यावरून ठरतें. खऱ्या नक्षलवाद्यांचा बंदोबस्त सरकारनें अवश्य करावा. पण फिर्यादीस बंडखोर ठरवूं नये. दाद मागण्याची वाट बुजविली, कीं माणूस आडरानांत शिरतो.