बिऱ्हाड हलविण्याचा खर्च

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. विंचवाचे ठीक आहे. त्याच्यापाशी लोखंडी कपाट नसते, शिवणयंत्र नसते, आणि आठवीत शिकणारा मुलगाही नसतो. माणसाने परराज्यातील नोकरी पत्करली म्हणजे या साऱ्यांची सोय त्याला लावावी लागते, आणि त्यासाठी पैसा लागतो. तो पैसा नोकरी देणाऱ्याने द्यावयाचा असे ठरले असले, तरी तो केव्हा द्यावयाचा, या एका प्रश्नावर किती गोष्टी अवलंबून असतात, याचा अनुभव मला हैदराबादेस येताना आला. तो आज आपणांस सांगावयाचा आहे.

श्रीरामपूरकडील एका विनाअनुदानित शाळेत मी पंधरा वर्षे गणित शिकवीत होते. विनाअनुदानित या शब्दाचा अर्थ शिक्षकांच्या घरांत फोड करून सांगावा लागत नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हैदराबादच्या एका निवासी शाळेने मला बोलावले, तेव्हा पगाराचा आकडा ऐकून मी तो दोनदा विचारून घेतला. तेथील मुख्याध्यापिका दूरध्वनीवर म्हणाल्या, "येण्याचा सगळा खर्च आमच्याकडे लागला. आपण निश्चिंत असा." मी निश्चिंत झाले, आणि इथेच चुकले.

आठ दिवसांनी नेमणुकीचे पत्र आले. त्यात सामान हलविण्याचा प्रत्यक्ष खर्च, ४५,००० रुपयांच्या मर्यादेत, पावत्या सादर केल्यावर व परिवीक्षेचा काळ पूर्ण झाल्यावर देण्यात येईल, असे लिहिले होते. परिवीक्षा सहा महिन्यांची. शिवाय दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास ही रक्कम परत करावी लागेल, अशीही एक ओळ तळाशी होती. दूरध्वनीवरचे बोलणे खोटे नव्हते. परंतु 'खर्च देऊ' आणि 'खर्च भरून देऊ' यांत केवढे अंतर आहे! भरून मिळण्यासाठी तो आधी करावा लागतो, आणि ज्याच्या गाठीशी पंचेचाळीस हजार नाहीत त्याला ते मिळवायचे तर प्रथम कर्ज काढावे लागते. गरजूलाच जाचक व्हावी अशी ही सवलत आहे.

सरकारी नोकरीत ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेलेली आहे. केंद्र सरकारच्या नोकराची दूरच्या गावी बदली झाली, की प्रवासखर्चाची आगाऊ उचल त्याला मागता येते आणि हिशेब मागाहून द्यावयाचा असतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली जे नियम झाले, त्यांनुसार बदली अनुदान मूळ पगाराच्या ८० टक्के ठरले. घरसामानाचे वजनही पगाराच्या पायरीप्रमाणे बांधून दिले: चौथ्या पायरीपर्यंत १,५०० किलो, पाचवीला ३,००० आणि सहावीपासून पुढे ६,०००. लहान पगाराच्या माणसाची भांडीकुंडी हलकी असतात असे आयोगास का वाटले असावे, हे मला उमगले नाही. पण निदान नियम छापलेला आहे, तो दाखवून भांडता येते. खासगी नोकरीत नेमणुकीचे पत्र हाच काय तो नियम.

या हैदराबादेत हा विषय नवा नाही. इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयात एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. मी नुकतीच आले आहे असे कळताच ते हसून म्हणाले, "बाई, आपण उलट्या दिशेने आलात. आमचे लोक इथून तिकडे गेले." १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जिल्ह्यांबरोबर माणसांचीही वाटणी झाली. हैदराबादच्या कचेऱ्यांत बसणाऱ्या कारकुनांना, शिक्षकांना, अधिकाऱ्यांना कोणत्या राज्याच्या वाट्यास जावयाचे याचे हुकूम निघाले. सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेतून असेच मुंबईकडे गेले आणि पुढे त्यांनी महाराष्ट्राच्या गॅझेटियरांचे काम पाहिले. मोठ्या माणसाचे नाव राहते. त्या गृहस्थांचे वडील साधे कारकून होते. त्यांच्या आठवणीत राहिली आहे ती काचीगुड्याच्या फलाटावर दोरीने बांधलेली पितळी भांड्यांची गोणी, आणि तिच्यावर बसलेली आजी.

त्या वेळच्या राज्य पुनर्रचना कायद्यातले ११५ वे कलम मात्र मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ज्या नोकरांना असे दुसऱ्या राज्यात जावे लागले, त्यांच्या नोकरीच्या अटी त्यांचे नुकसान होईल अशा रीतीने, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून, बदलू नयेत असे त्यात घातलेले आहे. स्वतःच्या इच्छेने निघालेल्या माझ्यासारखीच्या पाठीशी असे कलम नसते. तिला ते स्वतःच लिहून घ्यावे लागते.

तसे लिहून घेण्याचे धैर्य मला चार दिवस होईना. आमचे यजमान म्हणाले, "जाऊ दे. आधीच घासाघीस केलीस तर हातातली नोकरी जाईल." सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या पाटल्या पाहिल्या आणि रात्री मी पत्र लिहावयास बसले. फार काही लिहिले नाही. एवढेच विचारले की, वाहतूकदाराने आपले बिल शाळेच्या नावे करावे आणि शाळेने ते परस्पर चुकते करावे, असे होईल काय? माझ्या हातात पैसे देऊ नयेत. मर्यादा तीच असावी. तीन दिवस उत्तर नव्हते. त्या तीन दिवसांत वर्गात फळ्यावर मी दोनदा वजाबाकी चुकले. चौथ्या दिवशी शाळेच्या हिशेबनिसांचे दोन ओळींचे उत्तर आले: चालेल, तीन दरपत्रके पाठवा. त्यांना त्यात काही विशेष वाटले नव्हते! कोणी विचारलेच नव्हते, म्हणून छापील मजकूर तसाच चालत आला होता.

तीन दरपत्रके आली: ३८,५००, ३१,००० आणि २४,०००. सर्वांत कमी आकड्याचा मोह कोणासही पडेल. पण त्या माणसाने सामान पाहावयासही येण्याची तसदी घेतली नव्हती. न पाहता दिलेला दर पुढे वाढतो. गाडी नव्या गावाच्या वेशीवर थांबते आणि आपलेच सामान आपल्याला जादा पैसे मोजून सोडवावे लागते. आमच्या एका नातलगावर हा प्रसंग आलेला होता. म्हणून आम्ही ३१,००० वाला निवडला. तो येऊन प्रत्येक खोली पाहून गेला होता, आणि बिल्टी देण्यास तयार होता. सामानाची किमतीसह यादी मी स्वतः केली आणि तिच्यावर त्याची सही घेतली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. त्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. विमा उतरवला असे नुसते सांगितले तर पॉलिसीचा कागद मागावा.

दुचाकीचा प्रश्न निराळा होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवावयाचे असेल तर त्याची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी मूळ कार्यालयातून २८ क्रमांकाच्या नमुन्यावर ना-हरकत दाखला घ्यावयाचा. पुढे नव्या राज्याचा कर भरावयाचा आणि जुन्याचा परतावा मागत बसावयाचे. २०२१ पासून निघालेली 'बी. एच.' नोंदणी या खटपटीतून सोडविते. परंतु ती सरकारी नोकरांसाठी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांच्या नोकरांसाठी. आमच्या नऊ वर्षांच्या गाडीचे एवढे कौतुक परवडणारे नव्हते. ती आम्ही श्रीरामपुरातच विकली.

मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी होती. त्यासाठी यजमानांच्या दोन खेपा झाल्या. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांतून तेलुगू सक्तीची झालेली आहे, म्हणून आठवीतला मुलगा पहिलीची अक्षरे गिरवू लागला. आरंभी तो रडला. आता बाजारात भाव तोच करतो.

निघताना मातेची मूर्ती मी गाडीत चढू दिली नाही. उमरग्यापुढे कर्नाटक आणि जहीराबादेपाशी तेलंगण, अशी तीन राज्ये ती माझ्या मांडीवरून आली. जाते मात्र सासूबाईंनी शेजारणीला देऊन टाकले.

इतके करूनही जे पत्रात नव्हते ते खिशातून गेलेच. घराची अनामत ही बिऱ्हाड हलविण्याच्या खर्चात धरलेली नव्हती, आणि ते विचारण्याचे मला सुचले नाही. त्यासाठी पतसंस्थेचे ४०,००० रुपये काढावे लागले. वाहतूकदाराचा करार दारापर्यंतचा होता. दार म्हणजे इमारतीचे फाटक, हे येथे आल्यावर कळले. तिसऱ्या मजल्यावर सामान चढविण्याचे हमालांना १,८०० रुपये दिले. त्यांच्यापाशी पावती कोठून असणार? हिशेबनिसांनी ती रक्कम लाल शाईने खोडली.

सासूबाईंच्या पाटल्या त्यांच्या हातात आहेत. पतसंस्थेचे सात हप्ते राहिले आहेत. आणि ती तळची ओळ पुढील जूनपर्यंत लागू आहे. तोवर कोणी याहून दुप्पट पगार देऊ केला, तरी मला येथून हलता यावयाचे नाही.