करारावर आमची सही कुठे?

(किनारपट्टीवरच्या कार्यकर्त्या बायकांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी मालवणात मासळी विकणाऱ्या बायकांबरोबर काम करते. आज प्रवाळाविषयी बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. “ते पर्यटकांचं काम,” म्हणाल्या. पण प्रवाळाच्या आसऱ्याने मासळी वाढते. तो मेला तर पाटी आपलीच रिकामी होणार आहे.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो जीव आहे. त्याच्या अंगातलं शेवाळ त्याला अन्न आणि रंग देतं. समुद्र तापला की शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ साली जगभर असं झालं, २०१६च्या सुमारास झालं, २०२३पासून पुन्हा झालं.

आता कंपन्या, संस्था आणि सरकार मिळून प्रवाळ लावतात. गुजरातेत द्वारकेजवळ मिठापूरला २००८ साली टाटा केमिकल्स, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि वनखातं एकत्र आलं. कच्छच्या आखातातून नाहीशी झालेली प्रवाळाची जात लक्षद्वीपहून आणून लावली. हे काम मोलाचं आहे. पण लावलेला प्रवाळही तापल्या पाण्यात मरतो, हे विसरू नये. आणि माझा प्रश्न वेगळाच आहे. अशा करारात किनाऱ्यावरची बाई कुठे असते?

मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. आपल्याला विचारलं नाही म्हणून गाबितांनी विरोध केला. पुढे किल्ल्याजवळ बुडी मारायला पर्यटक आले. होड्या पुरुषांच्या, पैसा पुरुषांच्या हाती. बायकांच्या वाट्याला चादरी धुणं आणि कोंबडी-वडे रांधणं.

मागे एका हॉटेल कंपनीच्या बैठकीला गेले होते. प्रवाळाचे तुकडे किती, पर्यटक किती, सगळं कागदावर होतं. मी विचारलं, “ओहोटीला खडपावर कालवं काढणाऱ्या बायका कुठे जाणार?” साहेब म्हणाले, “त्यांना शिवणाचे वर्ग देऊ.” माझ्या शेजारी साठीची काकी होती. ती म्हणाली, “माका सुई दिसणा नाय. पण कालवां खंय गावतत ता डोळे मिटून सांगतंय.”

तिचं हे ज्ञान कुठल्याच कागदावर नव्हतं.

वेगळंही घडू शकतं. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायकांनी कांदळवन दाखवायची होडी सुरू केली. वल्ही त्यांनीच मारली, माहिती त्यांनीच सांगितली, पैसाही त्यांच्याच गटाकडे आला.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. करार मराठीत वाचून दाखवा. कालवं, तिसऱ्या काढण्याच्या जागा त्यात लिहा. प्रवाळाची देखरेख करणाऱ्या बायकांना मजुरी द्या. पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा गटाच्या खात्यात थेट जमा करा. आणि सह्या होतात त्या टेबलाशी आम्हालाही खुर्ची द्या. चहा घेऊन आम्ही पुष्कळदा आत गेलो आहोत.