अदृश्य चेंडूचा नेम

‘पूल’ म्हटलें कीं मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें नदी उभी राहते. येथें अभिप्रेत असलेला पूल म्हणजे बिलियर्डच्या कुळांतला, अमेरिकेंत वाढलेला खेळ. याच कुळांतील बिलियर्डचें हौशी जगज्जेतेपद पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं मिळविलें, तेव्हां ही काठी मराठी मुलखाला अगदींच परकी नाहीं. हिरव्या कापडाचें टेबल, कडेला सहा खिसे, आणि पांढरा चेंडू असा मारावयाचा कीं त्याच्या धक्क्यानें रंगीत चेंडू खिशांत जावा. पाहणाराला हें सोपें वाटतें. म्हणूनच शिकाऊ लवकर हिरमुसतो.

त्याला प्रथम सांगितली जाते ती ‘अदृश्य चेंडू’ची युक्ति. खिशाच्या मध्यापासून रंगीत चेंडूच्या मध्यांतून मागें अशी एक रेघ मनांत ओढावी, आणि त्या रेघेवर रंगीत चेंडूला चिकटून आणखी एक चेंडू बसला आहे असें कल्पावें. पांढरा चेंडू बरोबर त्या जागीं पोंचला पाहिजे. नेम धरावयाचा तो या कल्पित चेंडूच्या मध्यावर, दोन चेंडू एकमेकांस लागतील त्या बिंदूवर नव्हे. त्या बिंदूवर डोळा ठेवला तर तिरप्या फटक्यांत पांढरा चेंडू हवा त्याहून अधिक भरून लागतो आणि खिसा चुकतो.

हें समजावयास पांच मिनिटें पुरतात. मग घोडें पेंड खातें कोठें? चेंडूचा व्यास सव्वादोन इंच, कोपऱ्यांतील खिशाचें तोंड सुमारें साडेचार इंच. अगदीं सरळ फटक्यांतसुद्धां पांढरा चेंडू १/१६ इंच बाजूला लागला, तर चार फुटांवरच्या खिशाशीं रंगीत चेंडू सव्वा इंचाहून अधिक ढळलेला असतो. तिरप्या फटक्यांत ही चूक याहून महाग पडते. शिवाय घर्षणामुळें रंगीत चेंडू, पांढरा ज्या दिशेनें येत असतो तिकडे, किंचित् ओढला जातो. मनांतल्या रेघेला हें ठाऊक नसतें. तें हातालाच कळावें लागतें.

दहा फटके हुकले कीं शिकाऊ पद्धतीवर रुसतो व दुसरी शोधूं लागतो. वास्तविक दोष पुष्कळदां डोळ्याचा नसून कोपराचा असतो. नेम बरोबर, पण काठी ऐन वेळीं वांकडी. हे दोन दोष निराळे काढल्यावांचून सराव म्हणजे निव्वळ आंधळी कोशिंबीर. म्हणून आधीं सरळ फटका, कंटाळा येईपर्यंत आणि त्याच्याही पुढें. तो साधला कीं तिरपा. कापडावर खडूचा बारीक ठिपका करून (क्लबाच्या शिपायाची नजर चुकवून!) रंगीत चेंडू दर खेपेस तेथेंच ठेवावयाचा. त्याच्यामागें एक खराखुरा चेंडू चिकटवून, खालीं वांकून न्याहाळावयाचा. मग तो उचलून घेऊन त्या रिकाम्या जागेवर मारावयाचें. पंचवीस फटक्यांत किती गेले, आणि हुकलेले कोणत्या बाजूस, हें वहींत टिपावयाचें. सारे एकाच बाजूस हुकत असतील तर बहुधा नेम सुधारावयाचा. दोन्हीकडे विखुरत असतील तर तो चेंडू हाताची चुगली करीत असतो.

असे कित्येक आठवडे जातात. मग एके संध्याकाळीं तो वांकतो, रेघ ओढावयाचें विसरतो, आणि चेंडू खिशांत पडल्याचा आवाज येतो. पुढचा फटका हुकतो. तो वही उघडतो आणि लिहितो: उजवीकडे.