बेल्व्हेडियरचे ग्रंथपाल

कलकत्त्याच्या अलिपूर भागात बेल्व्हेडियर नावाचा जुना वाडा आहे. विस्तीर्ण हिरवळ, पांढरेशुभ्र खांब आणि रुंद पायऱ्या. एके काळी येथे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर राहत. याच परिसरात १७८० साली वॉरन हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांनी एकमेकांवर पिस्तुले रोखली होती. अशा ठिकाणी सामान्य माणसाने पाऊल ठेवण्याचे पूर्वी काही कारणच नव्हते. पुढे मात्र याच वाड्यातल्या नृत्यशाळेत मेजे-खुर्च्या मांडल्या गेल्या आणि फाटक्या वहाणांचा विद्यार्थीही तेथे बसून निवांतपणे वाचू लागला. हे स्थित्यंतर ज्यांच्या देखरेखीखाली घडले, त्यांचे नाव बेल्लारी शामण्णा केशवन.

केशवन यांचा जन्म १९०९ सालचा. लंडन विद्यापीठात त्यांनी इंग्रजी वाङ्मयाचा आणि ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास केला. म्हैसूरला अध्यापन केले. १९४७ साली त्यांच्याकडे कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीची सूत्रे आली. तो काळ मोठा कठीण होता. त्यांच्या आधीचे ग्रंथपाल असदुल्ला फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. युद्धाच्या दिवसांत ग्रंथालयाला एस्प्लनेडवरील आपली जागा सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले होते. लॉर्ड कर्झन यांनी १९०३ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या या संस्थेला नव्या राष्ट्रात स्थान कोणते, हा प्रश्न होता.

उत्तर हळूहळू मिळाले. १९४८ च्या कायद्याने ‘इंपीरियल’ हे विशेषण गेले आणि ‘राष्ट्रीय’ हे आले. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझाद यांच्या हस्ते बेल्व्हेडियरमधील ग्रंथालय जनतेला खुले झाले. तत्पूर्वीच, १९४९ साली, सर आशुतोष मुखर्जी यांचा पाऊण लाखाहून मोठा ग्रंथसंग्रह तेथे आला होता. पुढे इतिहासाचार्य यदुनाथ सरकार यांच्या निधनानंतर त्यांचाही संग्रह येथेच विसावला. रियासतकार सरदेसाई आणि यदुनाथ यांचा स्नेह ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी माणसाला अलिपूरचा तो वाडा परका कसा वाटेल?

परंतु विशेषण बदलल्याने ग्रंथालय राष्ट्रीय होत नाही. राष्ट्रात छापलेले प्रत्येक पुस्तक तेथे पोहोचले पाहिजे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकावर ही जबाबदारी टाकली: पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याने आपल्या खर्चाने एक प्रत कलकत्त्यास धाडावी. १९५६ साली वृत्तपत्रेही या कक्षेत आली. चुकल्यास दंड किती? पन्नास रुपयांपर्यंत, आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्याशा दंडाला कोण भितो? सोलापूरचा वा बेळगावचा एखादा लहान प्रकाशक उधारीवर कागद आणून पाचशे प्रती काढतो; त्याला टपालखर्चही जड वाटतो. त्याने प्रत पाठवली नाही तर त्याचे रागावण्यासारखे नुकसान होत नाही. नुकसान होते ते पन्नास वर्षांनी ते पुस्तक शोधीत येणाऱ्या अभ्यासकाचे.

आलेल्या पुस्तकांची सूची करणे हे त्याहूनही अवघड काम. १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयामार्फत, केशवन यांच्या संपादकत्वाखाली, १९५८ मध्ये भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची प्रसिद्ध होऊ लागली. इंग्रजीसह चौदा भाषा, अनेक लिप्या. सर्व नोंदी एका ओळीत आणण्यासाठी रोमन लिपीचा आश्रय. वर्गांक ड्यूईच्या पद्धतीचा, जोडीला रंगनाथन यांचा कोलन अंकही. पण माणसाचे नाव कोठे नोंदवावे? आपल्याकडे राम गणेश गडकरी आडनावाखाली सापडावेत, हे खरे. परंतु ‘गोविंदाग्रज’ आणि ‘बाळकराम’ हेही तेच, हे सूचीकाराला कोणी सांगायचे? दक्षिणेत तर आडनावाचीच पंचाईत. खुद्द केशवन यांच्या नावातले बेल्लारी हे गावाचे नाव! अशा शेकडो गाठी एकेक करून सोडवाव्या लागल्या. हे काम बाहेर कोणाला दिसत नाही. सूचीत चूक असली तरच सूचीकाराची आठवण होते.

१९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे १९६३ मध्ये त्यांनी दिल्लीच्या इन्सडॉक या वैज्ञानिक प्रलेखन केंद्राची धुरा घेतली. निवृत्तीने त्यांचा हात थांबला नाही. भारतातील मुद्रण आणि प्रकाशन यांचा इतिहास त्यांनी खंडशः लिहिला. त्याचा पहिला खंड १९८५ साली निघाला. १५५६ मध्ये गोव्यात पहिला छापखाना आला, तेव्हापासूनची ही कथा. आयुष्यभर ज्याने छापील पुस्तके सांभाळली, त्याने म्हातारपणी ती छापणाऱ्यांचे ऋण फेडले, असेच म्हणावे लागेल. २००० साली त्यांचे निधन झाले.

आता वाचक बेल्व्हेडियरऐवजी त्याच आवारातील नव्या भाषा भवनात जातो. तेथे मराठीचाही विभाग आहे. कायदा अजून तोच आहे आणि त्याची भिस्तही प्रकाशकाच्या सदसद्विवेकावरच आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या कोणत्याही आळीत एखादे नवे पुस्तक छापून बाहेर पडेल, तेव्हा त्याची एक प्रत कलकत्त्याच्या वाटेला लागावी. केशवन यांचे याहून साजेसे स्मारक दुसरे कोणते असणार?