भंगारातून उभे राहिलेले स्मारक



ठाण्याच्या वागळे इस्टेटीत माझा निम्मा जन्म गेला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत इथेच झाली. इथले रस्ते लोक नंबरांनी ओळखतात. अशाच एका नंबरच्या रस्त्यावर आमचे लहानसे वर्कशॉप होते. ते बंद झाले त्या दिवशी टेंपो आला आणि आमचे लेथ मशीन काट्यावर चढले. ज्याच्यावर आमच्या उस्तादांनी दोन पिढ्यांना हात बसवून दिला, त्याला किलोचा भाव लागला. मी काय केले, तर चकची चावी गुपचूप खिशात टाकली. ती अजून माझ्या घरी आहे.

तेव्हापासून मनात एक प्रश्न आहे. भंगार कशाला म्हणायचे आणि आठवण कशाला?

हाच प्रश्न एकदा साऱ्या देशापुढे आला होता. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. इंग्लंडात ती १९४३ साली बांधायला घेतली. पण युद्ध संपले आणि ती अर्धवट राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि १९६१ च्या मार्चमध्ये ती आपल्या नौदलात आली. लांबी सातशे फूट. बारा डब्यांची लोकल शेजारी उभी केली, तर बोट थोडीच आखूड भरेल. १९७१ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरातून हिच्यावरच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. १९९७ साली ती निवृत्त झाली. मग काही वर्षे मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांच्या सहली तिच्यावर जात.

पण, मंडळी, लोखंडाची बोट खाऱ्या पाण्यात नुसती उभी ठेवणेही खर्चाचे असते. कायमचे संग्रहालय काही झाले नाही. २०१४ साली सुमारे साठ कोटींना तिचा लिलाव झाला. लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण निकाल मोडीच्याच बाजूने लागला. त्या वर्षअखेरीस दारुखान्यात गॅसकटर लागले.

ह्यातून वाचलेल्या धातूचे स्मारक मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटाजवळ उभे आहे. २५ जानेवारी २०१६ रोजी त्याचे अनावरण झाले. ते घडवले अर्झान खंबाटा ह्या शिल्पकाराने. भंगार लोखंडातून शिल्पे करणे हे त्यांचे नेहमीचेच काम. त्याच सुमारास विक्रांतचे पोलाद वितळवून मोटरसायकलींतही वापरले गेले. मला विचाराल तर चौकातले शिल्प बरे. मोटरसायकल एकाच्या दारात उभी राहते. चौकातल्या लोखंडाकडे गोदीचा कामगारही पाहतो, परगावचा पाहुणाही पाहतो. तरी खरे सांगतो, सातशे फुटांच्या बोटीची चौकात मावेल एवढीच खूण उरली, ह्याचे वाईट वाटतेच.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज देवळांतल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात जी मोठी घंटा आहे, ती त्यांतलीच; वाईजवळ मेणवलीलाही एक आहे. त्या कोणी वितळवल्या नाहीत. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू अजून तसेच आहेत. आणि दगडाचे म्हणाल, तर बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत, त्यांवर चक्क गलबतांची लढाई कोरलेली आहे. ठाण्याचे शिलाहार आणि देवगिरीचे यादव ह्यांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी अभ्यासक ती जोडतात. तुमच्याही गावाच्या वेशीवर एखादा वीरगळ शेंदूर फासून उभा असेल. एकदा निरखून पाहा.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, थोडे कामाचे बोलतो. गावात कोणाची आठवण करायची झाली, तर पुतळ्याला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न पडतो. ज्या विहिरीने गाव जगवले तिचा रहाट, जुन्या गिरणीचे चाक, मोडका नांगर, ह्यांतून स्मारक होऊ शकते. मात्र आधी वस्तूची हकीकत लिहून घ्या. कोणाची, कुठली, कोणी वापरली, हे जाणती माणसे आहेत तोवर मुलांना विचारायला पाठवा. हकीकत गेली की राहते ते नुसते लोखंड.

मग धातू ओळखा. बिडाचा तुकडा साध्या लोखंडाला वेल्डिंगने नीट धरत नाही, तडकतो. तिथे भोके पाडून नटबोल्ट घ्यावेत. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग मारले की विषारी धूर निघतो. बंद पिंपाला किंवा डिझेलच्या टाकीला तर ज्योत लावूच नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून घासताना बारीक धूळ अडवणारा योग्य मास्क हवा, नुसते फडके पुरत नाही, आणि मुले लांब हवीत. ही कामे जाणत्या वेल्डरकडूनच करून घ्या. तारेच्या ब्रशाने गंज काढला की लगेच रेड ऑक्साइडचा हात द्यावा. आणि पाणी साचेल अशी खोबण ठेवू नये. ठेवावी लागली तर खाली भोक पाडावे. आमच्याकडच्या पावसात चार महिन्यांत खोबण आतून खाल्ली जाते, आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

वागळे इस्टेटीत आज कित्येक जुन्या शेडांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आहेत. तिथे काम करणाऱ्या पोरांशी माझे भांडण नाही. माझी नातही तशाच एका ऑफिसात जाते. परवा तिने ती चावी पाहिली आणि विचारले, "आजोबा, ही कशाची?" मी तिला लेथचा चक कागदावर काढून दाखवला, आणि उस्ताद चावी चकातच विसरणाऱ्या पोराला कसे झापत, तेही सांगितले. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. चावी मात्र मी अजून दिलेली नाही.