मासळीचा वाटा आणि न्यायाचे माप
(छत्रपती संभाजीनगर येथील सभेत केलेले भाषण)



समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या शहरात आम्ही समुद्राच्या मासळीविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटेल. पण पैठणच्या नाथसागरात जाळे टाकणारा भोई आणि मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा मच्छीमार यांचे दुखणे एकच आहे. मासा कोणीच घडविलेला नाही. तो पाण्याने दिलेला आहे. प्रश्न एवढाच की, त्याची वाटणी कोणी करावी आणि कोणत्या मापाने?

रापण म्हणजे काय हे येथील मंडळींस ठाऊक नसेल. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर धरून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते व दुसरे टोक किनाऱ्यास आणते. मग बायका-पुरुष मिळून दोर ओढतात. जाळ्याचा वाटा निराळा, होडीचा निराळा, आणि ज्याने दोरास हात लावला त्याचाही वाटा ठरलेला. शाळा न शिकलेल्या लोकांनी हा हिशोब घातला, आणि तो निभावला.

आता दुसरी बाजू पाहा. पर्ससीनची यांत्रिक नौका मासळीचा थवा हेरते, त्याभोवती जाळे फिरविते आणि बटव्याची दोरी ओढावी तसे खालचे तोंड आवळून घेते. बांगडा, तारली यांचा थवाच्या थवा एका फेरीत वर येतो. ज्याच्यापाशी भांडवल त्याची नौका मोठी. ज्याची नौका मोठी त्याचा वाटा मोठा. हे माप न्यायाचे की इंजिनाच्या ताकदीचे?

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 सालचा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीनचे नवे परवाने थांबविण्याचा आणि असलेले टप्प्याटप्प्याने 182 वर आणण्याचा आदेश निघाला. 2017 साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. पण कागदावरची बंदी रात्रीच्या समुद्रात दिसते काय? 2019 साली महाराष्ट्राची सागरी मासळी 2 लाख 1 हजार टनांवर आली; 45 वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळेही झाली हे खरे. परंतु वादळाचा तडाखा प्रथम कोणास बसतो, हे सांगावयास नको.

कित्येक विद्वान म्हणतात, देशाचा एकूण कोटा ठरवा व नौकांना वाटून द्या, म्हणजे तंटा मिटेल. आपल्याकडे अशी एकूण मर्यादा अद्याप नाही. ती यावी, पण येण्यापूर्वी वाटणीचे माप तपासा. आइसलँडने 1984 साली कॉडचा कोटा मागील वर्षांच्या पकडीवरून वाटला. म्हणजे ज्याने अधिक ओरबाडले त्यास अधिक हक्क! पुढे 1990 च्या कायद्याने तो हक्क विक्रीचा माल झाला, आणि कित्येक खेड्यांतील कोटा मोठ्या कंपन्यांकडे गेला. दोघा मच्छीमारांनी दाद मागितली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2007 साली ही व्यवस्था भेदभावाची ठरविली. नॉर्वेने निराळी वाट काढली. तेथे कॉडचा एकूण कोटा घटला की मोठ्या ट्रॉलरांचा हिस्सा शेकड्यानेही घटतो आणि किनाऱ्यावरच्या लहान होड्यांचा वाढतो. टंचाईचा पहिला भार सशक्ताच्या खांद्यावर, हे ते तत्त्व.

मराठवाड्यास हे तत्त्व नवे नाही. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात टंचाईची झळ खोऱ्यातील सर्वांनी वाटून घ्यावी असे कलम आहे. त्याच आधारावर 2014 साली प्राधिकरणाने वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याचा आदेश दिला. वरच्याने आधी अडविले म्हणून सारे पाणी त्याचे होत नाही, असे आपण गोदावरीकाठी म्हणतो; मग समुद्रात आधी पोहोचला म्हणून सारा मासा त्याचा, हे आपण कसे मान्य करावे?

बंधूंनो, दोष केवळ दुसऱ्यांचा नाही. बारीक आसाचे जाळे टाकून बोटभर पिलू काढणारे आमच्यातही आहेत. पुढल्या वर्षीचा वाटा आज खाणे ही स्वतःच्या लेकरांची चोरी होय. आणि मोठ्या नौकेवरचा खलाशी आमचा वैरी नव्हे. तोही मजूरच आहे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. एक, आधी मासळीची खरी मोजदाद व्हावी आणि बीज राहील एवढा भाग बाजूस ठेवावा. दोन, उरलेल्यातून स्वतः होडीवर जाणाऱ्याचा वाटा प्रथम काढावा. तीन, तो वाटा विकता वा गहाण ठेवता येऊ नये. चार, वाटणी ठरविणाऱ्या समितीत जाळे ओढणाऱ्यांचे व मासळी विकणाऱ्या बायांचे प्रतिनिधी असावेत.

ही भिक्षा नव्हे, हक्क आहे. पण संघटनेवाचून तो पदरात पडत नाही. रापणीचा दोर एकट्याने ओढला तर हात सोलतात. गावाने ओढला तर जाळे किनाऱ्यास लागते. एवढे ध्यानात ठेवून आपण येथून उठावे, हीच विनंती.