रंगदृष्टी आणि लष्करी वैद्य

कोलकात्यात अलीपूरला लष्कराच्या पूर्व विभागाचे कमांड हॉस्पिटल आहे. तेथून जवळच जुने प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालय, म्हणजे आजचे एस. एस. के. एम. 1898 साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील रोनाल्ड रॉस यांनी तेथे पक्ष्यांच्या हिवतापावर आपले संशोधन पुरे केले. आदल्या वर्षी सिकंदराबादेस डासाच्या जठरात त्यांना जी खूण सापडली होती, ती काळसर कणांची. तांबड्या-हिरव्याच्या भेदावाचून ती दिसली. पुढे गीम्सा रंजनाची पद्धत रूढ झाली, आणि जंतूचे तांबडे केंद्रक व निळा जीवरस ओळखणे वैद्याच्या कामाचा भाग झाले.

श्रोतेहो, रंगांध माणसाला जग काळेपांढरे दिसते हा गैरसमज आहे. बहुधा तांबडा आणि हिरवा यांतील अंतर पुसट होते, एवढेच. हा दोष आजोबांकडून मुलीकडे येतो, तिच्यात दिसत नाही, आणि नातवात प्रकट होतो. त्या नातवाला याची गंधवार्ताही नसते!

ठिपक्यांत अंक दडवलेली इशिहारांची चित्रे 1917 साली प्रसिद्ध झाली. त्यांचे जनक जपानी लष्करातील वैद्यच होते. आपल्या सैन्यदलांत या चित्रांपाशी अडखळलेल्यास मार्टिन दिव्यापुढे बसवतात. दीड मीटरवरून पांढरा, तांबडा, हिरवा हे दिवे अचूक सांगणारा तिसऱ्या श्रेणीत बसतो, म्हणजे 'सदोष पण सुरक्षित'. वैमानिकाला पहिली श्रेणी लागते; भूदलाच्या अनेक शाखांना तिसरी चालते. चौथीत मात्र गणवेशाची वाट बहुधा खुंटते.

नागरी वैद्यकाचे तसे नाही. त्रिपुरातील दोन विद्यार्थ्यांना रंगांधतेमुळे नाकारलेला प्रवेश सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली मिळवून दिला. मला तो न्याय योग्य वाटतो; पुरळाचा रंग कळला नाही, तर त्याचा उंचवटा बोटाला कळतो, आणि शंका आल्यास सहकाऱ्याला विचारता येते. रणभूमीवर तशी सवड नसते. जखमींच्या अंगावर तांबडी आणि हिरवी चिठ्ठी बांधलेली असते: तांबड्यावर तत्काळ उपचार, हिरव्याने थांबायचे. अंधुक उजेडात तेथे गल्लत झाली तर एक प्राण जातो. म्हणून लष्कराचा आग्रह मी अन्याय्य म्हणणार नाही.

खटकते ते एवढेच, की पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला हे निवडीच्या अखेरच्या तपासणीत कळते. ठिपक्यांचे पुस्तक कोणत्याही नेत्रवैद्याकडे असते, आणि तपासणीला पाच मिनिटे पुरतात. ती आठवीतच करून घ्यावी.